असुराचे पाणी

आमच्या गावच्या बोहाड्यात शेवटी असुर मरतो आणि मग त्याला पाणी पाजतात. ते पाणी कोणी पाजायचे, याचा गावाचा एक नियम आहे. तीन वर्षांपूर्वी, तो नियम ठाऊक नसताना, मी तो मोठ्या विश्वासाने आणि स्वच्छ अक्षरात खोडून टाकला. त्या पाण्यावर शेजारच्या घरातील एका बाईचा जीव सात महिने अडकून राहिला होता. ही त्या चुकीची हकिकत आहे. पुराणकथा म्हणजे काय, हे तेहतीस वर्षे मुलांना शिकवल्यानंतर ज्या पहाटे मला थोडेसे कळले, त्या पहाटेचीही.

बोहाडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगायला हवेत. आमचे गाव घोटीच्या पलीकडे, भातखाचरांच्या मध्ये आहे. चैत्रात, खाचरे मोकळी असताना, गावातील पुरुष देवांचे आणि असुरांचे मुखवटे चढवून संबळ आणि पिपाणीच्या तालावर वेशीपासून देवळापर्यंत नाचत येतात. एकेका मुखवट्याला सोंग म्हणतात. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराकडे असतो, आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. अगदी शेवटी येतात ती देवी आणि रेड्याच्या तोंडाचा असुर. त्यांचे युद्ध सुरू होते तेव्हा पूर्वेला फटफटू लागलेले असते, आणि असुर पडतो तेव्हा सूर्य वर येतो. या असुराचा मान आमच्या घराकडे आहे. आधी वडील नाचत, गेली सत्तावीस वर्षे माझा धाकटा भाऊ नाचतो. गावात असुराला नुसते ‘रेडा’ म्हणतात. त्यामुळे चैत्र लागला की माझ्या भावालाही लोक रस्त्यात ‘काय रेडेबुवा, शिंगं घासली का?’ असे विचारतात, आणि तोही आनंदाने ओ देतो.

आता नियम. वर्षभरात गावातल्या ज्या माणसाला मरताना घरच्यांच्या हातचे पाणी मिळाले नाही, त्याच्या घरचे कोणीतरी पडलेल्या असुराला पाणी पाजते. देवी गावाला विचारते, ‘पाणी कोणाचं?’ आणि ते माणूस तांब्या घेऊन पुढे येते. असे माणूस एखाद्या वर्षी नसले तर पुजारी पाणी पाजतो. बाकी काही विधी नाही, मंत्र नाही.

स्वतःच्या गावातली एवढी गोष्ट मला कशी ठाऊक नव्हती, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल, आणि तो रास्त आहे. दहाव्या वर्षी मी शिकण्यासाठी नाशिकला मामांकडे आले. त्याआधीच्या बोहाड्यांत मी चौथ्या-पाचव्या सोंगाला आईच्या मांडीवर झोपून जात असे, त्यामुळे असुराचे मरण मी कधी पाहिलेच नव्हते. पुढे शिक्षिका झाले, आणि चैत्र म्हणजे परीक्षा व उत्तरपत्रिका असा माझा हिशेब ठरून गेला. गावात बोहाडा रंगत असे तेव्हा मी नाशिकच्या घरात लाल पेन घेऊन बसलेली असे.

नाशिकमध्ये पुराणकथा मुद्दाम शिकवावी लागत नाही, ती पत्त्यातच असते. रिक्षावाल्याला आपण ज्या कुंडाचे, ज्या गुंफेचे, ज्या वटवृक्षांच्या वस्तीचे नाव सांगतो, तिथे वनवासातला एखादा प्रसंग घडला असे मानतात. शहराचे नावच एका कापलेल्या नाकावरून पडले, असे सांगतात. माझ्या वर्गातली मुले ही नावे बसथांब्यांच्या नावांसारखी सहज उच्चारत. मी मराठी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवत असे, म्हणून या नावांचे काय करायचे ते मुलांना नीट समजावून सांगणे मला माझे कर्तव्य वाटे. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे ‘घडलेले’, उजवीकडे ‘सांगितलेले’. मुलांनी एकेक नाव घेऊन रकाना ठरवायचा, आणि उजव्या रकान्यातील प्रत्येक कथेपुढे तिचा अर्थ एका वाक्यात लिहायचा. असुर म्हणजे अहंकार. शस्त्र म्हणजे विवेक. युद्ध म्हणजे मनातील द्वंद्व. एकदा सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “बाई, अर्थ एका ओळीत मावतो, मग एवढी मोठी गोष्ट कशाला सांगायची?” मी म्हणाले, “छान प्रश्न आहे. बस खाली.” आणि पुढचे नाव घेतले.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी, माघात, आमच्या बोहाड्याचा पंचप्रमुख माझ्या नाशिकच्या घरी आला. घोटीला त्याचे खत-बियाण्यांचे दुकान आहे, वय पस्तिशीचे. त्याने चहाला आधी नाही म्हटले आणि मग दोन कप घेतले.

“मॅडम,” तो म्हणाला, “गावची पोरं आता पुण्याला, मुंबईला. बोहाड्याला येत्यात, मोबाईलवर शूटिंग काढत्यात, आन इचारत्यात, ह्याचा मीनिंग काय. आमाला सांगता येत नाय. आवंदा माइकवर तुमी सांगा.”

“तुम्हाला खरंच ठाऊक नाही?”

“ठाऊक हाय ओ. सांगता येत नाय.”

या उत्तरापाशी मी थांबायला हवे होते. ठाऊक असणे आणि सांगता येणे यांत काय अंतर असते, ते अंतर कशाने भरलेले असते, हे त्याला विचारायला हवे होते. मला मात्र त्याच्या बोलण्यात फक्त एक रिकामी जागा ऐकू आली, आणि रिकामी जागा दिसली की ती भरायची ही माझी जन्माची सवय.

त्याने मला गावची वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तिच्यात सोंगांचा क्रम वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला होता. शेवटच्या पानावर इतकेच होते: देवी. रेडा. युद्ध. रेडा पडतो. पाणी. आरती.

मी महिनाभर बसून संहिता तयार केली. चार रकाने: क्रम, सोंग, कथा, अर्थ. एकोणीस पाने झाली. शेवटच्या पानावर आले तेव्हा ‘पाणी’ हा शब्द मला खटकला. असुराच्या वधाचा कळस आणि देवीची आरती यांच्या मध्ये नाचणाऱ्याने पाणी पिणे, हे मला रसभंग करणारे वाटले. मुखवटा जड असतो, माणूस थकतो, त्याला तहान लागणार, ते मला समजत होते. म्हणून मी तो शब्द उचलून खाली नेला आणि लिहिले: ‘आरती. समाप्ती. त्यानंतर सर्व कलाकारांना पाणी व चहा.’ तळाशी एक सूचनाही घातली: ‘सोंगांनी स्वतः संवाद म्हणू नयेत. सर्व निवेदन माइकवरून होईल.’ ओरडाओरडीत कोणाचेच शब्द ऐकू येत नाहीत, अशी गावातल्या मुलांची तक्रार होती, तिच्यावर मला हा उपाय सुचला होता.

बोहाड्याच्या आठ दिवस आधी मी भावाकडे राहायला गेले आणि पाने त्याच्यापुढे ठेवली. मी शाळेत असताना सुट्टीत गावी येऊन त्याचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली होती. माझ्या अक्षरात लिहिलेले काही चुकीचे असू शकेल, ही शक्यता त्याच्या मनात फारशी शिरत नसावी. त्याने ओळींवरून बोट फिरवत शेवटचे पान वाचले.

“आक्का, पाणी खाली गेलं.”

“हो, आरतीनंतर. मध्येच बरं दिसत नाही. तुला फार तहान लागते का रे?”

“लागती की. आदल्या सांजंपासून पाणी बंद असतंय माजं.”

“का? रक्तदाबाच्या गोळ्या घेतोस ना तू? मी थर्मास आणते. युद्धाच्या आधी आडोशाला जाऊन दोन घोट घे.”

तो हसू लागला. “रेड्यानं थर्मासातनं पाणी प्यायचं व्हय?”

“मुखवट्याच्या आत कोण बघतंय?”

“रेडा बघतोय की,” तो म्हणाला. मग पाने नीट जुळवून त्याने माझ्या हातात दिली. “तू लिवलंय म्हंजे बराबरच असंल.”

नंतर, खूप नंतर, मी त्याला विचारले की तेव्हाच तू स्पष्ट का सांगितले नाहीस. तो म्हणाला, “मला वाटलं, खालचं पाणी चहावालं. वरचं तू तोंडानं बोलशील. एवढं समदं लिवलंस, तर पाणी कसं इसरशील?”

बोहाड्याच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसून वाचनाचा सराव करत होते. शेजारच्या अंगणात त्या घरची बाई तांब्या घासत होती. ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, माझा भाऊ तिला वहिनी म्हणतो. तिचा नवरा घोटीला भाताच्या गिरणीवर कामाला होता. तुसाच्या धुळीने त्याची छाती भरली, आणि भाद्रपदात त्याला नाशिकच्या दवाखान्यात आणले, तेव्हा चार दिवस मीच तिला डबा पोचवत होते. पाचव्या दिवशी तो गेला.

चिंच लावून, राख लावून, धुऊन, उन्हात धरून तिने तो तांब्या तीनदा घासला. मला राहवले नाही.

“अगं, झिजेल तो. किती घासशील?”

“डाग ऱ्हायला नको, आक्का.” मग ती कुंपणापाशी आली. “आवंदा तुमी बोलनार ना माइकवर? मंग मला वाइच आधी खूण करा. माजे पाय कापत्यात.”

मला वाटले, ती देवीची ओटी भरण्याबद्दल बोलते आहे. मी म्हणाले, “अगदी शेवटी आहे ते. सगळ्या बायका एकदमच जातील. कापायचं काय त्यात?”

“बरं,” ती म्हणाली. पण ती गेली नाही. तांब्या पदराने पुसत तिथेच उभी राहिली आणि दवाखान्यातली गोष्ट सांगू लागली. मला ती थोडीथोडी ठाऊक होती, पण तिने पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. शेवटच्या दिवशी तिला दोन मिनिटे आत सोडले होते. नवऱ्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने तो हाताने बाजूला सारला आणि अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागितले.

“नर्सबाईनं सांगितल्यालं, पाणी अजाबात नाय. मी म्हनलं, उद्या देते. डॉक्टरला इचारून उद्या देते.” ती तांब्याकडे बघत होती. “त्यांनी मान हलवली. हट्ट नाय केला. कवाच हट्ट नाय केला त्यांनी.”

मी शिक्षिकेला शोभेल असे उत्तर दिले. “हे बघ, डॉक्टरांचं बरोबरच होतं. त्या अवस्थेत पाणी दिलं असतं तर ते फुप्फुसात गेलं असतं. तू काहीही चूक केली नाहीस.”

“व्हय,” ती म्हणाली, “बराबरच व्हतं.”

माझ्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आज लिहितानाही मला त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडत नाही. आणि तरी ती तांब्या घेऊन घरात गेली तेव्हा तिच्या चालण्यात तसूभरही हलकेपणा आलेला नव्हता, हेही मला तेव्हाच दिसले होते.

बोहाडा सुरेख झाला. माझे निवेदन ठरल्या वेळी सुरू होई, ठरल्या वेळी संपे, आणि सोंग आले की मी कथा व अर्थ सांगत असे. पुण्याहून आलेल्या मुली फोनवर ते टिपून घेत होत्या. पंचप्रमुख अधूनमधून लांबूनच अंगठा उंचावून दाखवी. मला मनातून फार बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

फटफटले तेव्हा देवी आली. देवीचे सोंग घेणारा गृहस्थ एरवी घोटीच्या बाजारात टोमॅटो-वांग्यांचा व्यापार करतो, पण मुखवटा चढला की गावातल्या म्हाताऱ्याही त्याच्या पाया पडतात. त्याच्या पाठीवर लाकडी हातांची चौकट बांधलेली होती, गडावरच्या देवीसारखी. समोरून माझा भाऊ आला, शिंगे खाली घालून, पाय आपटत. त्या रंगवलेल्या डोळ्यांच्या मागे माझ्या भावाचे डोळे आहेत, याची मी स्वतःला आठवण करून देत होते, पण ते पटत नव्हते. युद्ध अर्धा तास चालले. संबळाचा वेग वाढत गेला, आणि पूर्वेच्या डोंगरावर सूर्याची कड दिसली त्या क्षणी देवीने त्रिशूळ टेकवला आणि असुर धुळीत आडवा झाला.

मी माइकवर अर्थ वाचला. अहंकाराचा नाश, विवेकाचा उदय. मग म्हणाले, “आता सर्वांनी आरतीसाठी उभे राहावे.”

कोणी उभे राहिले नाही.

पिपाणी थांबली. देवी आपल्या जागी ताटकळत राहिली, तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा जमिनीकडे. माझा भाऊ उठला नाही. माझ्या संहितेप्रमाणे त्याने आरतीच्या आधी उठून बाजूला व्हायचे होते. मला पहिल्यांदा भीती वाटली ती रक्तदाबाची. पण त्याची छाती वरखाली होत होती, आणि उजवा हात तोंडाजवळ, मुखवट्याच्या ओठांजवळ, नुसता पडून होता.

“आरती,” मी पुन्हा म्हणाले.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी मागे वळलेले मला दिसले. शेजारची बाई. पदराखाली काहीतरी धरून ती घराकडच्या वाटेला लागली होती. कोणाला दोष न देता, मान खाली घालून चालली होती, जणू तिला हेच अपेक्षित होते.

संबळवाल्याने काड्या खाली ठेवल्या. हा माणूस वडिलांच्या वेळेपासून आमच्या बोहाड्यात वाजवतो. तो माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, “बाई, पाणी ऱ्हायलं.”

“ते आरतीनंतर आहे.”

“मेलेल्याला आरती झाल्यावर पाणी पाजता व्हय तुमी नाशकात?”

माइक चालूच होता. गर्दीत कोणीतरी खुदकन हसले, आणि लगेच गप्प झाले.

मी कागद चाचपत विचारले, “मग देवी का नाही पाजत?”

“कशानं पाजील? हात मोजा तिचे.” त्याने चौकटीकडे बोट दाखवले. “अठरा. हरेक हातात हत्यार. लढाईला येताना पाणी कोन आनतं? त्यो मरताना तिच्याकडंच मागतो, आन तिचा एकबी हात मोकळा नाय. म्हनून ती गावाला इचारती. तुमी तिला बोलू नको म्हनून लिवलंय. आता तुमी इचारा.”

“काय विचारू?”

“पाणी कोणाचं, म्हनून इचारा. ज्याचं मानूस पाण्यावाचून गेलं, त्याचं असतंय ते.”

मग मला समजले. एका क्षणात सगळे समजले असे लोक लिहितात, तसे मात्र झाले नाही. एकेक गोष्ट क्रमाने समजत गेली, जशी मला नेहमी समजते. आधी तीनदा घासलेला तांब्या. मग ‘मला वाइच आधी खूण करा’. मग आदल्या संध्याकाळपासून बंद असलेले माझ्या भावाचे पाणी. मग ती वाटेवरची पाठ, जी आता घराच्या कोपऱ्यापाशी पोचली होती.

माझ्या फळ्यावर यासाठी रकाना नव्हता. ही कथा घडलेली नव्हती, एवढे मी शपथेवर सांगू शकले असते. पण सात महिन्यांपूर्वी दवाखान्यात जे व्हायचे राहून गेले होते, ते होण्यासाठी गावाने या कथेत एक जागा राखून ठेवली होती. किती पिढ्यांपूर्वी, कोणी, कोणाच्या तहानेसाठी, ते आता कोणाला सांगता येणार नाही. देवीला पाण्याची आठवण राहिली नाही, एवढी एक उणीव कोणीतरी त्या कथेत शिल्लक ठेवली, आणि त्या उणिवेतून माणसांना आत येता येऊ लागले. मी ती उणीव बुजवून टाकली होती. मी सांगितलेल्या अर्थात कोणाला पाऊल ठेवता येत नव्हते.

“पाणी कोणाचं?” मी म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सहज जाणारा माझा आवाज माइक असून पोचला नाही.

“मोठ्यानं,” संबळवाला म्हणाला.

“पाणी कोणाचं?”

वाटेवरची बाई थांबली. वळली नाही. घोळक्यातली एक म्हातारी तिला हाक मारून म्हणाली, “ये गं, तुजंच हाय. लाजती काय?” दुसरी म्हणाली, “ते बघ, वाट बघतंय बिचारं.” तरीही ती तिथेच. मग पंचप्रमुख, दोन कप चहा पिणारा तो तरुण, धावत गेला आणि तिच्यापासून चार पावलांवर थांबून म्हणाला, “काकी, चला. आमचं चुकलं. चला.”

ती आली. तिच्यासाठी गर्दीने वाट सोडली, आणि देवीने, त्या टोमॅटोच्या व्यापाऱ्याने, पाठीवरची चौकट कोणाला लागू नये म्हणून आडवे होत तिला पुढे जाऊ दिले. तांब्या पदराखालून बाहेर आला. इतका लख्ख तांब्या मी दुसरा पाहिलेला नाही. तिचे पाय खरोखरच कापत होते, दोन पावलांवरून मला ते दिसत होते.

असुराच्या डोक्याशी ती मांडी घालून बसली. इतर वर्षी मुखवट्याच्या तोंडाच्या भोकातून पाणी आत सोडतात, असे मला पुढे कळले. तिने तसे केले नाही. तिने दोन्ही हातांनी तो जड मुखवटा हनुवटीपाशी धरला आणि हळूच वर, बाजूला सारला. माझ्या भावाचे अर्धे तोंड उघडे पडले, घामाने आणि धुळीने माखलेले, ओठ सुकून पांढरे झालेले. डोळे अजून मुखवट्याखालीच होते. तिला ते दिसत नव्हते, आणि मला वाटते, तसे असणेच बरे होते.

“घ्या,” ती म्हणाली. आवाज अगदी घरातला, ताटावर बसलेल्या माणसाशी बोलावे तसा. “आता कोन नको म्हनत नाय. घ्या.”

तिने ओंजळीतून थोडे पाणी त्याच्या ओठांवर सोडले. पहिले थेंब बाजूला ओघळले. दुसऱ्या वेळी त्याने गिळले, आणि त्याच्या गळ्याची हालचाल सगळ्या गावाला दिसली. कोणाच्याही हातातला फोन वर नव्हता.

“पोचलं का?” तिने विचारले.

असुराच्या सोंगाला आमच्या बोहाड्यात बोलणे नाही. तो गुरगुरतो, पाय आपटतो, पडतो. वडील कधी बोलले नाहीत, भाऊ सत्तावीस वर्षांत कधी बोलला नव्हता. संबळवाल्याने चमकून मान वर केली, कारण मुखवट्याखालून उत्तर आले.

“पोचलं,” माझा भाऊ म्हणाला. “गार हाय पाणी.”

तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ती रडत नव्हती. आजारी माणूस दोन घास जेवला की घरची बाई जशी त्याच्याकडे बघते, तशी ती बघत होती. मी माइकची कळ दाबून तो बंद केला.

“मंग अजून घ्या,” ती म्हणाली, आणि तांब्या तिने थेट त्याच्या ओठांना लावला. तांब्या रिकामा होईपर्यंत तो पाणी पीत राहिला.